तुंगाच्या पोटातली पिशवी

“पण हे धुऊन होणार काय, स्वामी?”

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

रेवणय्या स्वामींनी दुधाची एक रिकामी पिशवी बादलीत बुडवली, आतून बोटं फिरवली, उलटी केली, झटकली. मग दुसरी घेतली.

“स्वच्छ होतील,” ते म्हणाले.

“गावातून रोज दोन टेम्पो प्लास्टिक निघतं. तुम्ही दिवसाला किती धुता?”

“ऐंशी. कधी शंभर.”

“आणि बाकीचं?”

“ते मी धुतलेलं नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. स्वामीही हसले नाहीत.

मठ गावाबाहेर, तळ्याच्या वरच्या अंगाला होता. एक खोली, एक ओसरी, पुढे गोठा. ओसरीत खड्ड्यातला हातमाग होता. एक विणकर सुरतेला जाताना तो इथे ठेवून गेला आणि परत आलाच नाही. चादरीच्या कारखान्यातून टाकून दिलेलं तुटकं सूत स्वामी उभं ताणायचे आणि धुतलेल्या पिशव्यांच्या पट्ट्या आडव्या घालून आसनं विणायचे. भिंतीलगत अशा आसनांची छातीएवढी रास लागली होती.

“यांच्यावर बसायला येतं कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग?”

“आज तुम्ही आलात की.”

डॉक्टर मात्र उभेच होते. जनावरांचे डॉक्टर श्रीनिवास बोरामणीकर नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सरकारी दवाखान्यात सध्या कोणी नव्हतं, म्हणून स्वामींनी त्यांना निरोप धाडला होता. मठातली एकुलती एक गाय, तुंगा, चार दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती.

डॉक्टरांना सगळा तालुका ओळखायचा. पंचवीस वर्षं ते शाळांत आणि बाजारात जाऊन प्लास्टिकविरुद्ध बोलत आले होते. एकदा त्यांनी मेलेल्या बैलाच्या पोटातून निघालेला गोळा टेबलावर ठेवून सभा घेतली होती. लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. सभा संपल्यावर आयोजकांनी सगळ्यांना चिवडा वाटला, पिशव्यांमधून. तेव्हापासून माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

“गाय दाखवा,” ते म्हणाले.

तुंगा मान खाली घालून उभी होती. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीत मूठ दाबली आणि काढून घेतली. खळगा तसाच राहिला.

“रवंथ?”

“परवापासून नाही.”

“पोट भरलंय. चाऱ्यानं नाही.” त्यांनी स्वामींकडे पाहिलं. “तुमच्याच गायीच्या पोटात, स्वामी. आणि तुम्ही तिकडे बसून पिशव्या धुताय.”

स्वामींनी तुंगाच्या कपाळावर हात ठेवला.

“कापावं लागेल. इथेच, उभ्यानं. तुम्हाला बघवेल?”

“तिला सोसवेल का?”

“बघू.”

गोठ्याच्या दोन दगडी खांबांमध्ये तुंगाला बांधलं. डॉक्टरांनी कुशीवरचे केस भादरले, भुलीची इंजेक्शनं दिली, थांबले. सुई टोचून पाहिली. तुंगाने कान हलवला, बाकी काही नाही. मग त्यांनी कातडी कापली, पोटाचा कोठा बाहेर ओढून टाके घालून धरला, तोही कापला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

स्वामी तिच्या तोंडाशी उभे होते. ते तिच्या कानात हळूहळू काहीतरी बोलत होते. मंत्र होता की नुसतं बोलणं, डॉक्टरांना कळलं नाही.

पहिला गोळा निघाला. सुतळी, दोऱ्या, पिशव्या, सगळं एकात एक वळलेलं. मग दुसरा. मग लांबच लांब एक पट्टा, तो निघता निघेना. वास असा की डॉक्टरांनाही, इतक्या वर्षांनंतर, तोंड फिरवावं लागलं.

तासाभराने कोठा मोकळा झाला. बाजूला पडलेला ढीग बसलेल्या माणसाएवढा होता.

डॉक्टरांनी टाके घातले. आधी आतले, मग बाहेरचे. तुंगा उभी होती. तिने एकदा मान वळवून आपल्या कुशीकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं.

“हे सगळं लांब नेऊन टाका,” डॉक्टर ढिगाकडे बोट करून म्हणाले.

“टाकलेलंच आहे ते,” स्वामी म्हणाले.

त्यांनी बादली ओढली आणि ढिगातली पहिली पिशवी सोडवून पाण्यात घातली.

डॉक्टरांनी विहिरीवर हातपाय धुतले, अंगावर दुसरा शर्ट चढवला. स्वामींनी कोरा चहा दिला. डॉक्टर पायरीवर बसले. थकले होते, आणि थकले की त्यांना बोलावंसं वाटायचं. घरी बोलायला कोणी नव्हतं.

“लोकांना सांगून काही उपयोग नाही,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षं सांगितलं. सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर पिशवी फेकतात. मी माझ्यापुरतं सांगतो, स्वामी. आयुष्यात एक पिशवी रस्त्यावर टाकलेली नाही मी. एक.”

स्वामी धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळत घालत होते.

“घरी कोण कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही. बायको गेली, सहा वर्षं झाली.”

“मुलंबाळं?”

डॉक्टरांनी कपातल्या चहाकडे पाहिलं.

“एक मुलगी आहे. हुबळीला.”

वारा आला. दोरीवरच्या पिशव्या फुगल्या, वळल्या. त्यात एक जाड पिवळी पिशवी होती. तिच्यावर लाल अक्षरं होती, काही उडालेली, काही शाबूत. डॉक्टरांचं लक्ष सहज तिकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

ते उठले. दोरीपाशी गेले. पिशवीचं टोक धरून त्यांनी ती सरळ केली.

वर गणपती होता, सोंडेपुरता उरलेला. खाली ‘अनघा’ एवढं स्पष्ट होतं. नवऱ्या मुलाच्या नावातला फक्त ‘ग’ राहिला होता. आणि सगळ्यात खाली, एक अक्षरही न पुसलेलं: ‘आपले स्नेहांकित, डॉ. श्रीनिवास बोरामणीकर आणि परिवार.’

…

“ओळखीची आहे का?” स्वामींनी विचारलं.

“माझी आहे.”

स्वामी थांबले.

“मुलीच्या लग्नातली. अकरा वर्षं झाली. नारळ आणि खण घालून दिल्या होत्या पाहुण्यांना. सातशे छापल्या होत्या.” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. “तेव्हाही मी बोलत होतोच प्लास्टिकविरुद्ध. व्याही म्हणाले, कापडी पिशवी बरी दिसत नाही. मी म्हटलं, एकदाच तर आहे…”

तुंगाने गोठ्यात जागा बदलली.

“पण मी टाकली नाही ही,” डॉक्टर म्हणाले. “मी दिली. टाकली दुसऱ्या कोणीतरी.”

स्वामी पुढची पिशवी झटकू लागले.

डॉक्टरांनी पिवळी पिशवी दोरीवरून ओढून घेतली. “काडेपेटी आहे का? जाळून टाकतो.”

“आहे की. पण धूर गोठ्याकडे जाईल. वारा तिकडेच वाहतोय.”

“मग पुरतो.”

“इथे नको, डॉक्टर. लांब जा. जिथून ती कोणाच्या पोटात जाणार नाही, अशी जागा बघा. तिथे टाकून या.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे.

ते आधी तळ्यावर गेले. काठाच्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या, त्यांच्याभोवती पिशव्या तरंगत होत्या. तिथून ते कचऱ्याच्या डेपोकडे वळले. ढिगावर गाया होत्या, कुत्री होती, एक वासरूही होतं, आईशेजारी उभं राहून तेही काहीतरी चघळत होतं. डॉक्टरांनी त्याला हाकललं. ते चार पावलं गेलं आणि परत आलं.

डांबरी रस्त्यावर भंगाराचं दुकान होतं. डॉक्टरांनी पिशवी पुढे केली.

दुकानदाराने ती दोन बोटांत चोळून पाहिली. “ही चालत नाही, साहेब.”

“का? पुन्हा वितळवतात ना?”

“बाटल्या घेतो, डबे घेतो, टब घेतो. असल्या छापील पिशव्या पुढे कारखाना घेत नाही, म्हणून मी घेत नाही. याचं काही होत नाही.”

“मग काय करायचं हिचं?”

“टाकून द्या की कुठंतरी,” तो म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

माळाच्या पलीकडे एक पडीक शेत होतं. तिथे गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं, म्हणजे जनावर येणार नव्हतं. डॉक्टर खाली बसले. धारदार दगड घेऊन त्यांनी खड्डा खणायला घेतला. वीतभर खणल्यावर दगडाला काहीतरी मऊ लागलं. त्यांनी माती बाजूला केली.

पिशवी होती. निळी. कुठल्यातरी साडीच्या दुकानाची. बंद पडलेल्या त्या दुकानाचं नाव डॉक्टरांना आठवत होतं. अक्षरं काल छापल्यासारखी होती.

त्यांच्याआधी कोणीतरी इथे बसलं होतं, आणि त्यालाही हीच जागा बरी वाटली होती.

डॉक्टर खड्ड्याशी बराच वेळ बसून राहिले. माळावर दुसरं कोणी नव्हतं. सावलीला झाडही नव्हतं.

ते मठात परत आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. स्वामी मागावर बसले होते. डॉक्टरांच्या एका हातात पिवळी पिशवी होती, दुसऱ्या हातात निळी.

“जागा सापडली नाही,” ते म्हणाले.

“बसा.”

या वेळी डॉक्टर बसले. राशीतलं वरचं आसन घेऊन, स्वामींच्या शेजारी, मागाच्या काठावर.

मागाचा धोटा सुतामधून इकडून तिकडे जात होता. खाड… खाड…

“लग्नानंतर दोन वर्षांनी ती आली होती,” डॉक्टर म्हणाले. “एक बॅग घेऊन. सकाळी. मी दारात पेपर वाचत होतो. म्हणाली, बाबा, मी परत जाणार नाही. मी विचारलं, मारतो का? म्हणाली, नाही. मग काय करतो? ती म्हणाली, सांगता येत नाही… मी म्हटलं, सांगता येत नसेल तर सहन करता येईल. घरात घेतलं नाही तिला. तिची आई आत रडत होती. मी पेपर वाचत बसलो.”

खाड… खाड…

“ती नवऱ्याकडेही गेली नाही. हुबळीला एका शाळेत लागली. आई गेली तेव्हा आली होती. शेजाऱ्यांमध्ये उभी राहिली आणि त्यांच्याबरोबरच निघून गेली.”

स्वामींनी धोटा थांबवला.

“पिशवी धुवा आधी,” ते म्हणाले. “मातीची झाली परत.”

डॉक्टरांनी दोन्ही पिशव्या धुतल्या. आतून, बाहेरून. वाळल्यावर स्वामींनी कात्री पुढे केली.

“पट्ट्या करा. बोटभर रुंद.”

निळी पिशवी डॉक्टरांनी भराभर कापली. पिवळी मांडीवर घेतली आणि त्यांचा हात थांबला. कात्री नावाच्या मधून जात होती.

“अख्खी नाही का घालता येणार?”

“अख्खी विणता येत नाही.”

…

डॉक्टरांनी कापली. ‘अन’ एका पट्टीत गेलं, ‘घा’ दुसरीत. त्यांचं स्वतःचं नाव पाच पट्ट्यांत गेलं.

त्या संध्याकाळी स्वामींनी त्यांना मागावर बसवलं. त्यांचे पाय चुकत होते, सूत दोनदा तुटलं. स्वामींनी दोन्ही वेळा गाठ मारून दिली. अंधार पडायच्या आत एक लहानसं आसन तयार झालं. पिवळं, निळं, मध्ये मध्ये लाल ठिपके.

“मला इथेच राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “शिष्य करून घ्या. पिशव्या धुईन, विणीन. घरी जाऊन तरी काय करायचं आहे?”

“इथे बसायची जागा पुष्कळ आहे,” स्वामी म्हणाले. “पण ते आसन तुम्ही माझ्यासाठी विणलं का?”

डॉक्टरांनी आसनाची गुंडाळी केली आणि ते गावाकडे निघाले.

बाराव्या दिवशी ते टाके काढायला आले.

तुंगा गोठ्यात बसून रवंथ करत होती. डोळे अर्धे मिटलेले. जखम कोरडी होती, भरून आली होती. डॉक्टरांनी बॅग उघडली. आतून कात्री काढायला आधी त्यांना आसन बाहेर काढावं लागलं. पिवळं, निळं, लाल ठिपक्यांचं.

स्वामींनी ते पाहिलं. तुंगाला उठवून त्यांनी तिची दोरी धरली.

“हुबळीला जाऊन आलो,” डॉक्टर म्हणाले.

एक टाका कापला. ओढून काढला.

“दोन खोल्यांचं घर आहे. जिन्यावरून वर. दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेत तिचे, स्वामी. आईच्या वेळी मी नीट पाहिलंच नव्हतं.”

दुसरा टाका.

“आत ये म्हणाली नाही. मी दारातच सगळं सांगितलं. तुंगाचं पोट, पिशवी कशी निघाली, मी कुठे कुठे फिरलो, कापताना हात कसा थांबला. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. बरं सांगितलं मी. मधे एकदा माझेच डोळे भरून आले.”

“मग?”

“ऐकलं तिने. उभ्या उभ्या. मग विचारलं, गाय वाचली का?”

तुंगाने शेपूट हलवली.

“मी म्हटलं, वाचली. म्हणाली, बरं झालं. मी आसन पुढे केलं. तिने हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. लाल ठिपक्यांवरून बोट फिरवलं. आणि मला परत दिलं.” डॉक्टर थांबले. “म्हणाली, हे मी कुठे ठेवू, बाबा?”

स्वामींची दोरीवरची पकड सैल झाली होती. ती त्यांनी पुन्हा घट्ट केली.

“शाळेची वेळ झाली होती तिची. तिने कुलूप लावलं. माझ्या बाजूने जिना उतरून गेली. उतरताना म्हणाली, शेवटची बस चारला असते.”

उरलेले टाके डॉक्टरांनी काढले. जखमेवर औषध लावलं. तुंगाला मोकळं सोडलं. ती गोठ्याबाहेर गेली आणि स्वामींनी टाकलेल्या कडब्याशी उभी राहून खाऊ लागली. दोघे तिच्याकडे पाहत बसले.

खाली तळ्याचं पाणी हललं नाही. रस्त्याने कोणी आलं नाही, गेलं नाही.

“परत येताना बसमध्ये लक्षात आलं,” डॉक्टर म्हणाले. “तासभर मी दारात उभा होतो. तिने गायीचं विचारलं. मी तिचं काहीच विचारलं नाही.”

स्वामींनी कडब्याची एक पेंढी तुंगापुढे सारली.

“रविवारी पुन्हा जाणार आहे. दार उघडेल की नाही, माहीत नाही.” डॉक्टरांनी आसनाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. “लेकीचं घर आहे, काहीतरी न्यायला तर हवंच. हे तिला नको आहे. मग काय नेऊ, स्वामी?”

स्वामींनी त्यांच्या हातातलं आसन काढून घेतलं आणि भिंतीलगतच्या राशीवर ठेवलं.

“रिकामे हात न्या.”